न्हाणीतला पंखा

आमच्या न्हाणीत पंखा बसवायचं ठरलं तेव्हा अख्खी गल्ली आम्हाला हसली. बैठकीत पंखा नाही, झोपायच्या खोलीत नाही, आणि ह्यांना म्हणे आंघोळीला वारा पाहिजे! शेजारची गोदाकाकू मायला तोंडावर म्हणाली, "काहून वं बाई, आता आंग पुसाचं काम बी मशीनच करते काय?" माय ओशाळून हसली. मी तेव्हाही फटकळ होते, आताही आहे. मी म्हटलं, "काकू, तो वारा घ्याले नाही, धूर बाहेर फेकाले हाय. तुमाले बी काही फेकाचं असंन तं आना." मायनं पदराआडून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस हिरवं-निळं होतं.

कारंज्याला आमचं घर टिनाचं, चार खोल्यांचं. पुढे पडवी, मागे आंगण, आणि पडवीला लागून न्हाणी. बाबा जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम होते. धनजला थोडी जमीन होती ती वाट्यानं दिलेली. कापसाच्या दिवसांत बाबांच्या धोतराला, टोपीला, भुवयांनासुद्धा रुई चिकटलेली असे, आणि जेवायला बसायच्या आधी माय त्यांना आंगणात उभं करून झटकून काढायची. घरात बाबा, माय, मी आणि मोठीमाय. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा लवकर गेला, पदरी लेकरू नाही, ती आमच्यातच राहिली आणि घर तिच्याच शब्दावर चालू लागलं. मायला शेतीवाडीचं, पाहुण्यांचं, रांधण्याचं इतकं काम असे की मला वाढवलं ते मोठीमायनंच. माझ्या वेण्या ती घालायची, मला ताप आला की उशाशी ती बसायची. कढी आणि फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, केले की पहिला फुनका फोडून फुंकर घालून माझ्या तोंडात. मी बारा-तेरा वर्षांची घोडी झाले तरी.

पाचवा माणूस नामदेवमामा. मायचा धाकटा भाऊ. आईबाप नसलेला, तिनंच लहानाचा मोठा केलेला, आणि आता आमच्याकडंच राहून गावात वायरमनचं काम करणारा. उंच, सडपातळ, केसांना तेल लावून भांग पाडलेला, खाकी पँटच्या मागच्या खिशात कायम पक्कड. मामाकडं विजेचं लायसन होतं. काचेच्या चौकटीत घालून त्यानं ते बैठकीत देवांच्या फोटोंच्या ओळीत लावलं होतं, आणि माय रोज देवांना हळदीकुंकू वाहताना त्या लायसनलाही एक बोट लावायची. हसू नका. त्या कागदावर तिच्या भावाचं पोट होतं.

आता वीज म्हटलं की तुम्हाला वाटेल, बटण दाबलं की झालं. आमच्या गावात तेव्हा दिवसा वीज नसे. गावाबाहेर एका शेडमध्ये तेलावरचं इंजिन होतं. दिवेलागणीला ते धडधडायला लागलं की आमच्या पडवीतला बल्ब आधी लालसर व्हायचा, मग पिवळा, मग एकदाचा नीट पेटायचा, आणि माय हातातलं काम टाकून त्याला हात जोडायची. सकाळी जिनाचा पहिला भोंगा झाला की इंजिन बंद. म्हणजे मोठीमायची पहाटेची आंघोळ विजेच्या वेळेत बसत होती, आणि पंख्याचं सगळं गणित त्यावरच होतं.

कारण मोठीमायला दमा होता. आणि तिचा हट्ट असा की आंघोळीचं पाणी तिचं तीच तापवणार, तेही न्हाणीतल्या चुलीवर. आंगणातून आणलेला हंडा तिला चालत नसे, वाटेत कोणाची सावली पडते म्हणे. जळणाला पऱ्हाट्या. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं झाड. वाळलं असलं तर भडभडून पेटतं, पण पावसाळ्यात ओल धरलं की नुसता धूर. न्हाणीला एक वीतभर झरोका. पहाटे मी अंथरुणात पडून ऐकायची: आधी फुंकणीचा आवाज, मग खोकला, मग खोकल्याची उबळ, मग सगळं शांत. ती शांतता मला सहन होत नसे. मी उठून न्हाणीच्या दाराशी जायची आणि ओरडायची, "मोठीमाय, हायेस का वं?" आतून घोगरा आवाज यायचा, "हावो बाई, मेली नाही अजून."

पंख्याची कल्पना माझी. मामा अकोल्याहून एका जुन्या कारखान्यातला लोखंडी पंखा घेऊन आला होता, कोणाला तरी विकायला. गोल कडं, चार पाती, समोर जाळी. मी म्हटलं, "मामा, हा उलटा बसवला तं धूर वढून घेईन का नाही?" मामा माझ्याकडं पाहतच राहिला. मग त्यानं मला उचलून गरकन फिरवलं आणि मोठ्यानं हाक मारली, "आक्का, तुही पोट्टी इंजिनेर हाय वं!" पंखा विकला गेला नाही. मोठीमायसाठी ठेवला.

इथं माझ्या हाताबद्दल सांगायला पाहिजे. मी डेबरी. म्हणजे डावखुरी. मायनं मला डाव्या हातानं काही करताना पाहिलं की ती हातावर चापट मारायची. शाळेत मास्तर पट्टी मारायचे. मोठीमाय जेवणापुरती कडक होती, बाकी म्हणायची, "देवानं देलेला हात हाय, तोडून फेकू काय?" पण ज्यानं तो हात कामाला लावला तो मामा. सुट्टीच्या दिवशी तो मला बाकावर बसवायचा, तारेचे तुकडे द्यायचा आणि सोलायला, जोडायला शिकवायचा. दोन तारांची टोकं सोलून एकमेकींना पीळ द्यायचा, पकडीनं दाबायचं, वरून काळी चिकट पट्टी घट्ट गुंडाळायची. उजव्या हातानं दिलेला पीळ एका बाजूला वळतो. माझा उलट्या बाजूला वळायचा. मला वाटलं, हेही चुकलं. मामानं जोड हातात घेऊन ओढून पाहिला, सुटला नाही. म्हणाला, "हे इंदीची सही हाय. गावात दुसऱ्या कोनाले जमाची नाही." त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या असतील. पुढं मी शिक्षिका झाले, वर्गातल्या डावखुऱ्या पोरांना कधी हात बदलायला लावला नाही, तर त्याचं श्रेय मामाचं आहे. हेही लिहून ठेवते. माणूस सगळाच वाईट असता तर मला एवढं लागलंच नसतं.

मामाचा एक नियम होता. नवीन तार टाकली की हातात होल्डरमधला बल्ब आणि दोन मोकळ्या तारा घेऊन आधी पाहायचं, गरम तार कोणती आणि थंडी कोणती. गरम म्हणजे जिच्यातून वीज येते ती. बटण नेहमी गरम तारेवरच बसवायचं, म्हणजे बटण बंद केलं की पुढची सगळी तार मेली. बटण चुकून थंड्या तारेवर बसलं तरी पंखा बरोबर चालतो, बरोबर थांबतो, बाहेरून काही कळत नाही. पण थांबलेल्या पंख्यापर्यंत वीज येऊन बसलेली असते. "दिवा लावून पाह्यल्याबिगर मी कोनाच्या घरची तार बांधत नाही," असं मामा चारचौघांत छाती काढून सांगायचा.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी काम सुरू केलं. गवंड्यानं झरोका मोठा करून दिला, पंखा भिंतीत बसला. वीज घ्यायची होती पडवीतल्या दिव्यावरून, तिथून न्हाणीच्या दारापर्यंत, दाराशी बटण, आणि दारावरून आत पंख्यापर्यंत. लाकडी पट्ट्या मी ठोकल्या, पत्र्याच्या क्लिपा मी वळवल्या, दिव्याजवळचे दोन्ही जोड मी मारले, स्टुलावर उभी राहून. पट्टी कशी सरळ गेली होती म्हणता! बाबा संध्याकाळी येऊन बोटानं मोजत होते, कुठं वाकली का. बटणाचं काम आणि पंख्याजवळचे जोड मामाकडं होते, कारण तिथवर स्टुलावरूनही माझा हात पोचत नव्हता.

आणि मामाला घाई होती. मानोऱ्याकडं मुलगी पाहायला जायचं होतं, चारची मोटर होती. इस्तरीचा सदरा खुंटीवर लटकत होता. काळी पट्टी संपली. मी म्हटलं, "मामा, बाजारातून आनतो मी पळत." तो म्हणाला, "राहू दे वं, टाइम नाही," आणि मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्यानं पंख्याजवळच्या जोडांवर गुंडाळली. मी म्हटलं, "अन् दिवा लावून पाहाचं?" दिवसा इंजिन बंद, पाहणार कसं? त्यासाठी दिवेलागणीपर्यंत थांबावं लागलं असतं. मामा तोंड धुता धुता म्हणाला, "दिव्याचं बटन जिथं हाय तेच गरम असंन ना. आल्यावर पाहू." संध्याकाळी इंजिन सुरू झालं, मी बटण दाबलं, आणि पंखा असा काही घरघरला की मोठीमायनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मग टाळी वाजवली. चुलीतला धूर सरळ त्या भोकाकडं ओढला जाऊ लागला. गोदाकाकूसुद्धा येऊन पाहून गेली. दोन दिवसांनी मामा परत आला, मुलगी पसंत, पेढे वाटले, आणि "आल्यावर पाहू" ते राहून गेलं. मीही आठवण केली नाही. एवढा माझा दोष आहे आणि तो मी कधी नाकारला नाही.

महिना-दीड महिना पंखा चालला. पहाटेचा खोकला जवळजवळ गेला. आपल्या घरात आपल्या हातानं केलेलं काहीतरी रोज घरघरतंय, ह्या आनंदात मी भलती चढून गेले होते. मोठीमायला मी शहाणपणानं शिकवून ठेवलं होतं, "पंखा पुसाचा असला तं पह्यले बटन बंद कर. बटन बंद केलं का तार मेली. मंग खुशाल हात लाव." ती माझं सगळं ऐकायची, हेही ऐकलं.

दिवाळीच्या आधी घर झाडायची धांदल होती. त्या पहाटे मोठीमायची आंघोळ झाली, तिनं बटण बंद केलं आणि ओल्यानंच स्टुलावर चढून ओला बोळा घेऊन जाळीवरची काजळी पुसायला लागली. मी भाकरीच्या पिठाचा डबा काढत होते. आधी एक विचित्र आवाज आला, ओरडण्यासारखा, पण अर्ध्यात तुटलेला. मग स्टूल पडलं, मग ती. आम्ही धावलो तर ती फरशीवर वाकडी पडलेली, डोळे उघडे, बोटं काळी पडलेली. वर जोडावरची चिंधी भिजून, जळून लोंबत होती. मामा आतून पळत आला. त्यानं मेन बटण पाडलं, बाबांनी मोठीमायला उचललं, ती किंचाळली तेव्हा कळलं की खुबा गेला.

सगळे तिच्याभोवती होते. मी मात्र वर पाहत होते. उजाडायला लागलं होतं. चिंधीतून जोड उघडा पडला होता आणि त्याचा पीळ मला स्वच्छ दिसत होता. उजव्या हाताचा. मामा परत आला, त्यानं स्टूल उभं केलं, वर चढला, पकडीनं दोन्हीकडून तार कापली आणि तो जोड खिशात टाकला. उतरताना आमची नजरानजर झाली. मला वाटलं, वीज पुन्हा आली तर धोका नको म्हणून कापलं असेल. खरं सांगते, मला मामाबद्दल दुसरं काही सुचलंच नाही.

मोठीमायला हाडवैद्यानं फळ्या बांधल्या, सहा आठवडे हलायचं नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी बाबा पडवीत बसले आणि त्यांनी मामाला विचारलं, "नामदेवा, हे झालं कसं?" मामा खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "भाऊजी, काय सांगू. पंख्याजवळचा जोड इंदीनं मारला होता. तिच्या हातून तार उलटी गेली. माहंच चुकलं, मी पाह्यलं नाही. पन तिले काही म्हनू नका. लेकरू हाय. माफ करून टाका."

माफ करून टाका! मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मी लढले असते. पण हा माणूस माझ्यासाठी माफी मागत होता, आवाजात दया आणून. गोदाकाकू दारातून म्हणाली, "डेबऱ्या हातचं काम, आखीन काय होईन?" आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी ओरडले, "तो जोड माहा नाही! त्याचा पीळ पाहा, माहा पीळ उलटा राह्यते! मामाच्या खिशात हाय, काढा!" मामानं शांतपणे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. काय असणार त्यात? बाबा उठले आणि म्हणाले, "आजपासून पकडीले हात लावला तं हात मोडीन." त्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं, पुढंही लावलं नाही, पण ते वाक्य ते बोलले.

बाबा बोलत होते तेव्हा आतून मोठीमायची हाक आली. "इंदे, इकडं ये." सगळे तिच्या खाटेभोवती गोळा झाले. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. म्हणाली, "मले खरं सांग बाई. तुह्या हातून झालं काय?" मी तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हटलं, "तुह्या गळ्याची आन, मोठीमाय. मी नाही केलं."

आमच्याकडं आन घेणं म्हणजे खेळ नव्हता. देवाची आन एक वेळ लोक घेत, पण माणसाच्या गळ्याची घेतली आणि ती खोटी निघाली, तर त्या माणसाच्या जिवावर येतं असं मानायचे. आजारी माणसाच्या गळ्याची तर कोणी घेतच नसे. मोठीमायनं माझा हात गळ्यावर तसाच दाबून धरला आणि मामाकडं पाहत म्हणाली, "झालं. लेकरानं माह्या गळ्याची आन घेतली. आता तिले कोनी बोलाचं नाही. नामदेवा, तू तुहं पाह्य." मामा बाहेर निघून गेला. त्या रात्री मी तिच्या खाटेखाली चटई टाकून झोपले आणि मला झोपही चांगली लागली. एक माणूस माझ्या बाजूनं होतं ना!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी मामाचा बल्ब घेऊन न्हाणीच्या दारात गेले. बाबांची धमकी गेली चुलीत. दिव्याच्या बटणापासून पाहत आले. पडवीतल्या दिव्याचं बटणच मुळात थंड्या तारेवर होतं, आधीच्या कोण्या वायरमननं तसं बसवलेलं. मामानं त्यावर विश्वास ठेवला आणि पंख्याचं बटणही थंडीवरच घातलं. दोन मिनिटांचं काम होतं पाहायचं. परवा नातीच्या घरी बाथरूमच्या पंख्याला एक तरुण इलेक्ट्रिशियन आला होता. तो आतल्या दिव्यावरून तार घ्यायला लागला, तर मी खुर्ची ओढून दारातच बसले आणि म्हटलं, "टेस्टर लाव आधी." तो म्हणाला, "आजी, रोजचं काम आहे माझं." मी म्हटलं, "रोजचं आहे म्हणूनच लाव." नात माझ्यावर चिडली.

मी जे पाहिलं ते मायला सांगितलं. ती चुलीपुढं होती. मी हातवारे करून सगळं समजावलं, गरम तार, थंडी तार, पीळ, चिंधी. तिला तारांतलं काही कळलं नसणार, पण ती काही न विचारता ऐकत राहिली. मग तवा उतरवून मामाच्या खोलीत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि मला इतकं हायसं वाटलं. आता माय बोलेल, बाबांना सांगेल, संपलं. ती माझ्यापुढं बसली, माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले. डावाही. तसं ती कधी करत नसे.

"इंदे, मले माहीत हाय तुनं नाही केलं."

"मंग सांग ना बाबाले."

"आयक माह्यं. मोठीमाय नामदेवाले बोलली ते आता गल्लीभर झालं. विजेच्या हापिसातून साहेब येनार हाय विचाराले. नामदेवानं केलं म्हटलं तं लायसन जाते. लायसन गेलं तं लगन मोडते. त्याले कोन हाय वं माह्याशिवाय? तू म्हन, मीच केलं. लेकराच्या हातून झालं म्हटलं का साहेब बी काही करत नाही. मोठीमायले सांग, ते ऐकंन तं सारे ऐकतीन."

मी म्हटलं, "मी आन घेतली हाय तिच्या गळ्याची."

मायनं माझे हात आणखी घट्ट धरले. मग म्हणाली, "तुनं केलंच नाही तं ते आन खोटी कायची? देवाले माहीत हाय ना. तुहं काय जाते वं, इंदे? तू पोरगी हायेस. उद्या लगन करून जाशीन, इथं कोन आठवन ठेवते?"

दोन दिवस ती माझ्या मागं होती. शेवया करून दिल्या, गूळ घालून. वेणी घालायला बसली. रडली. एकदा माझ्या पायांना हात लावायला वाकली, तेव्हा मी किंचाळून मागं सरले. मामा त्या दोन दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता, "इंदे, वाचव मले" एवढंच म्हणाला असता, तर कदाचित मी आपण होऊन केलं असतं, इतका माझा जीव होता त्याच्यावर. त्यानं बहिणीला पाठवलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. साहेब येऊन गेले, काही झालं नाही. मामाचं लायसन राहिलं, लग्न झालं, मीच करवली म्हणून उभी होते. त्याला तीन मुलं झाली, गावात नाव झालं. मोठीमाय त्यानंतर नऊ वर्षं काठीच्या आधारानं जगली, तिच्या जिवावर काही आलं नाही. ती गेली तेव्हा मामा तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला, आणि ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मायला मी माफ केलं का, असं माझी मुलगी विचारते. नाही केलं. सेवा केली तिची शेवटपर्यंत, पण माफ नाही केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोठीमायच्या खाटेशी गेले. माय दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, जणू पाणीच द्यायला आली आहे. मोठीमाय उताणी पडून टिनाकडं पाहत होती. मला पाहून हसली, बाजूला हात थोपटून म्हणाली, "बस." मी बसले नाही. म्हटलं, "मोठीमाय, तो जोड मीच मारला होता."

दाराकडं तिनं मान वळवली, मायकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हळू आवाजात म्हणाली, "हे तुले कोनी म्हनाले लावलं काय?"

तिनं मला वाट दिली होती. एक शब्द पुरला असता. दारातून मायच्या बांगड्या वाजल्या.

"नाही," मी म्हटलं. "कोनी नाही."

मोठीमायनं माझा हात सोडला. मला कळलंही नव्हतं की तिनं तो धरला होता. ती रागावली नव्हती, रागात ती कशी दिसते हे मला माहीत होतं. म्हणाली, "पाय मोडला त्याचं काही नाही वं. लेकराच्या हातून होते. पन मंग तू माह्या गळ्याची आन काहून घेतली, इंदे? मी मरावं असं वाटत होतं काय तुले?"

मी दाराकडं पाहिलं. माय तिथं नव्हती, तांब्या उंबऱ्यावर ठेवून ती आत निघून गेली होती. मोठीमाय माझ्या तोंडाकडं पाहत उत्तराची वाट बघत राहिली.